ओटा आणि गाडीमधली फट: डॉक लेव्हलर घेण्याआधी काय मोजायचं



मागच्या सभेत आपल्या कोल्ड स्टोरेजच्या लोडिंग ओट्याला डॉक लेव्हलर बसवायचा विषय निघाला, थोडं बोलणं झालं आणि मग चर्चा डिझेलच्या सबसिडीकडे वळली ती वळलीच. निघताना एक वयस्कर पात्रांव मला म्हणाले, "सेक्रेटरीबाब, इतकी वर्षं लोखंडी पत्र्यावरून माल चढतोय. आता हा बटणावर हलणारा पत्रा कशाला?" प्रश्न रास्त होता आणि मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. नंतर दोन कोटेशनं आली. ती समोर ठेवून वाचायला बसलो तेव्हा कळलं की आपण काहीही न मोजता नुसती किंमत विचारली होती. म्हणून जे समजून घेतलं ते इथे लिहितो. लांबलं आहे, पण पैसे सगळ्यांचे आहेत.

आधी त्या पत्र्याबद्दल. आपल्या ओट्यावर जाड लोखंडी पत्रा आहे. गाडी मागे लागली की दोघं जण तो उचलतात, एक टोक ओट्यावर आणि दुसरं गाडीच्या फळीवर टेकवतात. त्यावरून क्रेटची ट्रॉली ढकलायची. पत्र्याला ना खालून अडकवायला खुंटी, ना कडेला कठडा. बर्फाचं पाणी आणि माशाचा चिकट ओघळ पडला की तो साबणासारखा होतो. हे सगळं आपल्याला माहीत आहे, पण रोज बघून बघून दिसेनासं झालंय.

गेल्या मोसमात नोव्हेंबरमध्ये, पहाटे साडेचारच्या सुमारास, आठ क्रेट भरलेली ट्रॉली एका पिकअपमध्ये चढत होती. हँडब्रेक ढिला होता आणि चाकाखाली दगड लावलेला नव्हता. ट्रॉलीचं वजन गाडीवर गेलं तसा गाडीने एक वीतभर पुढे हिसका घेतला. पत्र्याचं टोक फळीवरून सुटलं, ट्रॉली तिरकी झाली, आणि ट्रॉली धरून असलेल्या झारखंडच्या मुलाचा डावा पाय पत्रा आणि ओटा यांच्यामध्ये सापडला. पायाच्या पंजाची दोन हाडं मोडली. अडीच महिने तो घरी होता. दवाखान्याचं आपण भागवलं, थोडा पगारही दिला. तो परत कामावर आला आहे, पण पत्र्यावर पाय ठेवत नाही. आत बर्फ फोडायचं काम मागून घेतलंय त्याने.

यात ड्रायव्हरची चूक होतीच. पण एक गोष्ट मला नंतर कळली. ब्रेक नीट लावलेली गाडीसुद्धा ओट्यापासून हळूहळू पुढे सरकते. ट्रॉली किंवा फोर्कलिफ्ट आत शिरून थांबते तेव्हा तो दाब गाडीला पुढे ढकलतो. एका फेरीला कदाचित बोटभरही नाही, पण तीस-चाळीस फेऱ्यांनंतर फट चांगली रुंद होते. पत्र्याचं टोक किती आत होतं आणि आता किती उरलं, हे भरलेली ट्रॉली ढकलणाऱ्याला दिसत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर क्रेट असतात.

डॉक लेव्हलर म्हणजे ओट्याच्या काठावर खड्डा करून त्यात कायमचा बसवलेला, मागच्या बाजूने बिजागरीवर उचलला जाणारा लोखंडी प्लॅटफॉर्म. त्याच्या पुढच्या कडेला आणखी एक वळणारी पट्टी असते. तिला लिप म्हणतात, आपली मुलं एका प्लांटमध्ये बघून आली तेव्हापासून जीभ म्हणतात, आणि मला तेच नाव बरं वाटतं. प्लॅटफॉर्म वर उठतो, जीभ बाहेर येते, मग सगळं हळू खाली येऊन जीभ गाडीच्या फळीवर टेकते. गाडी ओट्यापेक्षा उंच असो की खाली, मध्ये फट न राहता उतार तयार होतो. मुख्य म्हणजे माल चढताना गाडीचे पाटे दबतात आणि फळी तीन-चार इंच खाली जाते, तेव्हा हा प्लॅटफॉर्मही तिच्याबरोबर आपोआप खाली जातो. साधा पत्रा अशा वेळी एका कडेवर उभा राहतो आणि डुगडुगतो.

प्रकार तीन-चार आहेत. एक स्प्रिंगचा, साखळी ओढली की उठतो आणि त्यावर चालत गेलं की बसतो, त्याला वीज लागत नाही. दुसरा हायड्रॉलिक, म्हणजे मोटर, पंप आणि सिलिंडरवर बटणाने चालणारा. तिसऱ्यात खाली रबरी पिशवी असते, ती ब्लोअरने फुगते. याशिवाय ओट्याच्या काठालाच बाहेरून बोल्टने बसवायचा एक छोटा प्रकार मिळतो. त्याला खड्डा लागत नाही आणि तो स्वस्तही पडतो, पण त्याची धाव साधारण पाच इंच वर आणि पाच इंच खाली एवढीच. खड्ड्यातला नेहमीच्या मापाचा लेव्हलर साधारण एक फूट वर आणि एक फूट खाली जातो.

आता मोजमापाकडे येतो. कोटेशन देणाऱ्या दोघांनीही पहिला प्रश्न विचारला की किती टनाचा हवा. माझ्या मते तो दुसरा किंवा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की आपल्या ओट्याला कोणकोणत्या उंचीच्या गाड्या लागतात.

मी एका आठवड्यात टेप घेऊन मोजलं. आपला ओटा जमिनीपासून ४८ इंच. बेळगाव-कोल्हापूरकडे जाणाऱ्या आयशरसारख्या गाड्यांची फळी ४२ इंचांच्या आसपास. एक्सपोर्टचा माल नेणारा ४० फुटी रीफर कंटेनर ट्रेलरवर असतो, त्याचा तळ ५६ इंच भरला. आणि मडगाव-म्हापशाच्या बाजारात जाणारे आपले पिकअप ३२ ते ३४ इंच. छोटा हत्ती त्याहूनही खाली. यात एक गंमत आहे. इन्सुलेटेड बॉडीच्या गाडीत तळाला पफचा थर असतो, त्यामुळे तीच गाडी उघड्या गाडीपेक्षा तीन-चार इंच उंच भरते. म्हणून मॉडेलवरून अंदाज बांधून चालत नाही, टेपच लावावी लागते, आणि तीही आतल्या तळापर्यंत.

उंचीतला फरक कळला की लांबी ठरते. लेव्हलर जितका लांब तितका उतार सौम्य. युरोपच्या ईएन १३९८ या मानकात उताराची कमाल मर्यादा साडेबारा टक्के धरली आहे, म्हणजे आठ फुटांना एक फूट. सहा फुटी लेव्हलरवर त्याच हिशेबाने नऊ इंच, दहा फुटीवर पंधरा इंच. पण ही कमाल मर्यादा आहे. त्यावर काय चालवायचं ते वेगळं बघावं लागतं. बॅटरीच्या फोर्कलिफ्टला दहा टक्क्यांपर्यंत चालतं, बॅटरीच्या पॅलेट ट्रकला सात टक्क्यांपर्यंत, आणि आपल्याकडे आहे तसल्या हाताने ओढायच्या पॅलेट ट्रॉलीला तीन टक्क्यांपर्यंतच ठेवावं असं धरतात.

तीन टक्के म्हणजे आठ फुटांत जेमतेम तीन इंच! आणि आपल्या आयशरला सहा इंचांचा फरक आहे.

हे कागदावरचे टक्के वाटतील म्हणून किलोत सांगतो. ट्रॉलीवर ५०० किलो माल आहे. आठ फुटी लेव्हलर सहा इंच खाली गेला की उतार सव्वासहा टक्के होतो, आणि तो माल उतारावर धरून ठेवायला ३१ किलोचा जोर लागतो. ट्रॉलीचं स्वतःचं वजन आणि ओल्या पत्र्यावर घसरणारे गमबूट यात धरलेले नाहीत. आता तीच ट्रॉली आठ फुटांत पंधरा इंच खाली, पिकअपमध्ये सोडायची म्हटलं तर जोर ७८ किलोंच्या वर जातो. म्हणजे चढवताना चार माणसं, आणि उतरवताना हात सुटला तर ट्रॉली थेट केबिनच्या भिंतीवर. मध्ये माणूस असला तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की पिकअप आणि छोटा हत्ती यांच्यासाठी ४८ इंची ओट्यावर लेव्हलर घेऊच नये. विकणारा म्हणेल की जमतं, जीभ तिथपर्यंत पोचते. जीभ पोचेल हो, माणूस पोचायला हवा. शिवाय लेव्हलरची रुंदी बहुतेक सहा फूट किंवा त्याहून जास्त असते आणि पिकअपचा हौदा त्याहून अरुंद, त्यामुळे जीभ हौद्याच्या बाजूंवर आपटते. आपल्या ओट्याच्या खाडीकडच्या टोकाला, जुन्या बर्फाच्या शेडपाशी, एक भाग आधीच ३४ इंचांचा आहे. पिकअप सगळे तिकडे लावायचे. तिथे फरक एक-दोन इंचांचाच राहतो. त्याला अॅल्युमिनियमची चेकर प्लेट पुरते, पण खालून खुंट्या असलेली, ज्या फटीत अडकतात आणि प्लेटला सरकू देत नाहीत. लेव्हलरच्या मानाने तिची किंमत काहीच नाही. माझ्या मते ती लगेच घ्यावी, लेव्हलरचं काहीही ठरो. मात्र एक लक्षात ठेवायचं की ती फक्त हातट्रॉलीसाठी. तिच्यावर फोर्कलिफ्ट घालायची नाही.

मग राहिल्या आयशर आणि कंटेनर. एक सहा इंच खाली, एक आठ इंच वर. काठावर बसवायचा छोटा प्रकार इथे बाद होतो, कारण त्याची धाव पाच इंचांची. सहा फुटी खड्ड्यातला लेव्हलर नऊ इंचांपर्यंत पोचतो खरा, पण कंटेनरला तो कमाल उताराच्या अगदी जवळ जातो. आठ फुटी घेतला तर कंटेनरला उतार साधारण आठ टक्के, आयशरला सव्वासहा. दहा फुटी घेतला तर अनुक्रमे पावणेसात आणि पाच टक्के. आपल्याकडे ओट्याची खोली आहे, त्यामुळे मी दहा फुटीच्या बाजूने आहे, आणि सोबत एक बॅटरीचा पॅलेट ट्रक. नुसता लेव्हलर घेऊन हातट्रॉली तशीच ठेवली तर लोडरच्या पाठीचं दुखणं तिथेच राहील, फक्त ओट्यावरून लेव्हलरवर जाईल. रुंदी सहा फूट ठेवावी आणि जिभेची टोकं तिरकी कापलेली मागावीत, म्हणजे इन्सुलेटेड आयशरच्या आत ती न अडकता बसते.

आता टनाचा प्रश्न. इथे मालाचं वजन धरून चालत नाही, यंत्राचं वजनही त्यात येतं. दीड टन उचलणारी बॅटरीची फोर्कलिफ्ट स्वतःच बॅटरीसकट तीन टनांच्या आसपास असते. त्यात दीड टन माल, म्हणजे साडेचार टन, आणि तेही धावत येऊन जिभेवर आदळणारे. म्हणून कोटेशनमधला सहा टन हा आकडा उभ्या वजनाचा आहे की चालत्या वजनाचा, हे लेखी विचारायचं. आपण पॅलेट ट्रकच वापरणार असू तर सहा टन पुष्कळ होतात. उगाच दहा टनाच्या मागे जाऊ नये.

यानंतर आपल्या धंद्याचा खरा शत्रू, मीठ. हे लेव्हलर जिथे जास्त बसतात ती गोदामं कोरडी असतात. तिथे पुठ्ठ्याची खोकी येतात-जातात. आपल्याकडे रोज बर्फाचं खारं पाणी, खवले, रक्त, आणि वर खाडीचा वारा. बोटीच्या विंचचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. रंग लावलेला लेव्हलर दोन पावसाळ्यांत बिजागरीपासून फुगायला लागेल. म्हणून हॉट डिप गॅल्वनाइज केलेलाच मागायचा, नटबोल्ट आणि बिजागरीचे पिन स्टेनलेसचे, आणि कंट्रोल पॅनल पाण्याच्या फवाऱ्यात टिकणारं, कमरेच्या वर बसवलेलं. स्प्रिंगवाल्या प्रकाराला वीज लागत नाही म्हणून काही जणांना तो आवडला आहे. पण स्प्रिंग आणि मीठ यांचं जमत नाही. गंजलेली ताणलेली स्प्रिंग तुटली तर ती सांगून तुटत नाही. वीज गेली तर आपला जनरेटर कोल्ड रूमसाठी चालू होतोच, त्यावर एक छोटी मोटर सहज चालते. त्यामुळे मी हायड्रॉलिकच्या बाजूने आहे. त्यात एक गोष्ट मात्र बघून घ्यायची. तेलाचा पाइप फुटला किंवा गाडी अचानक निघून गेली तर प्लॅटफॉर्म धाडकन न पडता जागीच थांबवणारा व्हॉल्व सिलिंडरला हवा. तो नसेल तर बाकी कितीही स्वस्त असला तरी नको.

खड्ड्याचं बोलू. खड्डा म्हटला की आपल्याकडे त्यात काय काय जमेल याची कल्पना करा. खवले, थर्मोकोलचे तुकडे, सुतळी, बांगड्याची डोकी. दोन दिवसांत वास, चार दिवसांत उंदीर. एक्सपोर्टचा माल ज्या ओट्यावरून जातो तिथे तपासणीला आलेला माणूस सगळ्यात आधी अशाच कोपऱ्यात टॉर्च मारतो. म्हणून खड्ड्याच्या तळाला उतार, मोठ्या तोंडाची गटाराची जाळी, आणि ती जाळी हाताने उचलता येईल अशी. ठेकेदार नेहमी दोन इंची पाइप टाकतो. तो आपल्याला चालणार नाही.

खड्डा कधी खणायचा यावर सभेत सगळ्यांचं एकमत झालं की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा. मलाही ते पटलं होतं. मग आपल्याच एका गवंड्याने विचारलं, "भाऊ, जूनमध्ये खाडीच्या काठाला खड्डा खणून पाणी उपसायला कोण बसणार?" बरोबर आहे त्याचं. भरतीला इथे जमिनीतूनही पाणी वर येतं. म्हणून खड्डा, काँक्रीट आणि काठाची लोखंडी चौकट हे मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकायचं आणि बंदीच्या काळात फक्त यंत्र बसवायचं. त्यासाठी कोणत्या कंपनीचा लेव्हलर हे एप्रिलआधी पक्कं हवं, कारण चौकटीची मापं प्रत्येकाची वेगळी असतात. आधी खड्डा आणि मग यंत्र असं केलं तर बाजूला फट राहते किंवा काँक्रीट फोडावं लागतं.

एवढं करून लेव्हलर बसला तरी नोव्हेंबरचा तो अपघात लेव्हलरवरही होऊ शकतो. जीभ गाडीवर टेकलेली असताना ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली तर पॅलेट ट्रकसकट माणूस खाली. म्हणून चालवण्याची पद्धत यंत्राइतकीच महत्त्वाची आहे. मी ज्या प्लांटमध्ये बघायला गेलो तिथली पद्धत मला आवडली, आणि ती आजपासून पत्र्यावरही चालू करता येईल. गाडी सरळ मागे येते, रबरी बंपरला टेकते. इंजिन बंद, हँडब्रेक वर, गिअर टाकलेला. ड्रायव्हर किल्ली काढून ओट्यावरच्या माणसाकडे देतो आणि ती खिळ्याला टांगली जाते. दोन्ही मागच्या चाकांना रबरी ठोकळे लागतात. गाडीचे दरवाजे उघडून बांधले जातात. तोवर लेव्हलरला कोणी हात लावत नाही. मग एकच ठरलेला माणूस बटण दाबतो, प्लॅटफॉर्म पूर्ण वर, जीभ बाहेर, मग खाली. जीभ गाडीच्या तळावर पूर्ण रुंदीने टेकली आहे आणि निदान चार इंच आत आहे, हे वाकून बघायचं. नुसतं वरून बघून चालत नाही. मगच पहिली ट्रॉली.

माल भरून झाला की उलट क्रम. आधी सगळी माणसं गाडीबाहेर, मग प्लॅटफॉर्म वर, जीभ आत, लेव्हलर ओट्याच्या पातळीला. मग ठोकळे काढायचे. आणि किल्ली सगळ्यात शेवटी. बाजारभाव पडायच्या आत पोचायचं म्हणून ड्रायव्हर घाईत असतो, त्यात त्याचा दोष नाही. पण खिळ्यावरची किल्ली त्याची घाई थांबवते. लाल-हिरवा दिवा लावायचीही सोय मिळते, गाडीचा मागचा बार पकडून ठेवणारं कुलूपही मिळतं. पैसे असतील तर घ्यावं. पण किल्ली आणि ठोकळे यांना जवळजवळ काहीच खर्च नाही.

सफाईबद्दल एक गोष्ट मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावणार आहे. प्लॅटफॉर्म वर करून नुसतं बटणावर भरवसा ठेवून खाली शिरायचं नाही. लेव्हलरला आतून एक जाड लोखंडी टेकू असतो, तो उभा करून प्लॅटफॉर्म त्यावर टेकवायचा, मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं, कुलपाची किल्ली सफाई करणाऱ्याच्याच खिशात. एका ठिकाणी मी मुलगा नुसता झाडू घेऊन आत वाकलेला आणि दुसरा बटणाशी गप्पा मारत उभा असलेला पाहिला आहे. तो प्लॅटफॉर्म चारशे-पाचशे किलोंचा असतो, वर तेलाच्या एका पाइपवर तोललेला. रोज काम संपल्यावर गोड्या पाण्याने धुवायचा, खारं पाणी मारून धुण्याला अर्थ नाही. आठवड्याला बिजागऱ्यांना ग्रीस. सिलिंडरचा दांडा पुसून बघायचा. मिठाने त्यावर टोचे पडले की सील फाटतं, तेल खड्ड्यात गळतं आणि खड्ड्यातून खाडीत.

आता त्या पात्रांवांच्या प्रश्नाचा राहिलेला भाग. त्यांचं म्हणणं, पाय मोडू नये म्हणून ठोकळे लावा, एवढा खर्च कशाला? पायासाठी ठोकळे आणि किल्ली, खरंच. लेव्हलरचा खर्च मालासाठी आहे. मी घड्याळ लावून पाहिलं. साठ क्रेट, चार माणसं, पत्र्यावरून बावीस मिनिटं. तेवढा वेळ कोल्ड रूमचा दरवाजा अर्धा उघडा, माल ओट्यावर उघडा, बर्फ वितळतोय. ताजा मासा ० अंशाला जितका टिकतो त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकाच १० अंशाला टिकतो. म्हणजे ओट्यावर गरम झालेल्या मालाचा एक तास बर्फातल्या चार तासांना भारी पडतो. बांगडा आणि टुना यांच्यात तर गरमीने हिस्टामिन तयार होतं, आणि ते एकदा झालं की पुन्हा गोठवून किंवा शिजवूनही जात नाही. कंटेनर परत येतो तो अशा कारणाने, आणि परत आलेल्या कंटेनरचं बिल बघितलेले सभासद आपल्यात आहेत. पॅलेटवर रचलेले तीस क्रेट एका फेरीत आत गेले की दरवाजा लवकर बंद होतो. कंटेनर ओट्याला लागला की मागच्या फटीतून गरम हवा आत येते, तिच्यासाठी चौकटीला रबरी पडदे लावायचे. तेही याच वेळी बसवून घेतलेले बरे, नंतर वेगळा ठेकेदार, वेगळं भाडं.

कोटेशनं दोन आहेत आणि किमतीत जवळजवळ दीडपट फरक आहे. महाग म्हणून एकाला बाजूला सारण्याआधी मी दोन्ही ओळीओळीने लावून पाहिली. स्वस्त आहे तो सहा फुटी, रंगवलेला, खड्ड्याचं काम आपलं, आणि वर्षभरानंतर सर्व्हिसला माणूस बाहेरून येणार. महाग आहे तो आठ फुटी, गॅल्वनाइज केलेला, फुटलेल्या पाइपचा व्हॉल्व धरून. दोघांनाही मी आता एकाच मापाचं कोटेशन नव्याने मागितलं आहे: दहा फुटी, सहा फूट रुंद, सहा टन चालतं वजन, गॅल्वनाइज, आणि पाच वर्षांत लागणारे सील, होस आणि त्यांच्या किमती वेगळ्या लिहून. मच्छीमार खात्यात प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत यातलं काय बसतं ते विचारायला अध्यक्ष सोमवारी जाणार आहेत. मदत मिळाली तर उत्तम, पण नुसती मदत मिळते म्हणून चुकीच्या मापाचं यंत्र घ्यायचं नाही, एवढं आपण आपसात ठरवूया.

तोवर एक काम सभासदांकडे. माझी मापं एका आठवड्याची आहेत आणि त्यात केरळकडे जाणाऱ्या गाड्या आल्याच नाहीत. ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत किंवा ज्यांचे ठरलेले वाहतूकदार आहेत त्यांनी जमिनीपासून आतल्या तळापर्यंतची उंची रिकाम्या गाडीची आणि भरलेल्या गाडीची, दोन्ही, आणि दरवाजाची आतली रुंदी लिहून द्यावी. वही वजनकाट्याच्या खोलीत ठेवली आहे. टेप तिथेच सुतळीने टेबलाला बांधली आहे. आधीच्या दोन टेपा कुणाच्या बोटीवर गेल्या ते मला विचारू नका.